पट क्रमांक चौदा

रत्नागिरी
१० जून २०२५

ती. मथुराआत्यास,
सप्रेम जयभीम.

पाकीट बघून घाबरू नकोस, घरात सगळे धड आहेत. आप्पांचे गुडघे सोडून. पण ते रडगाणं जुनंच. हातात फोन असताना भाची टपालाने का उगवली, असं तुला वाटेल. सांगते. फोनला पुरावा नसतो.

आमच्या अध्यापक महाविद्यालयाला विद्यापीठाने चार वर्षांचा नवा शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रम आखायला सांगितलाय. त्याला मान्यता देणार मूल्यांकन परिषद. परिषदेची मार्गदर्शिका तीनशे बारा पानांची. तिच्यात 'मूल' हा शब्द अकरा वेळा येतो आणि 'पुरावा' चारशे सहा वेळा. अभ्यासक्रम निवृत्त शिक्षकांशी विचारविनिमय करून आखावा असा एक निकष आहे, आणि तो विनिमय लेखी, तारीख घातलेला, टपालाचा शिक्का असलेला हवा. तेव्हा आजपासून तू माझी आत्या नाहीस, 'हितसंबंधी घटक' आहेस. समन्वयक अस्मादिक. वय शेहेचाळीस. एकवीस वर्षं मी 'शिकवावं कसं' हे शिकवतेय. शाळेतल्या पोरांना शेवटचं कधी शिकवलं ते आठवत नाही.

आता काम. आमच्या विद्यार्थ्यांना एकशिक्षकी शाळेचा सराव द्यायचा आहे. एक बाई, चार इयत्ता, एक खोली. म्हणजे तुझी अख्खी नोकरी. पण तसल्या शाळा राहिल्यात कुठे? पोरं नाहीत म्हणून शाळा बंद, शाळा बंद म्हणून सराव बंद. तुझी खारेवाडीची शाळा बंद झाली त्याला चार वर्षं झाली ना? त्यावर आमच्या प्राचार्यांनी तोडगा काढलाय: 'प्रतिरूप वर्ग'. चोवीसेक छात्रांनी पोरं व्हायचं, एकाने मास्तर. बाविशीतले घोडे आठ वर्षांचे होऊन बाकावर बसणार. मात्र पट खरा हवा. खऱ्या शाळेतली खरी मुलं, प्रत्येकाचा स्वभाव दोन ओळींत.

आप्पा म्हणाले, तुझ्या ट्रंकेत एका वर्षाचं हजेरीपत्रक आहे. ते उतरवून धाडशील? मान्यता मिळाली नाही तर पुढल्या वर्षीपासून आमचे प्रवेश बंद. पन्नास पोरांचं वर्ष आणि अकरा जणांची नोकरी तुझ्या ट्रंकेत आहे, असं समज.

तुझी,
दर्शना


गुहागर
१८ जून २०२५

चि. दर्शना,
मंगलकामना.

पत्र म्हणजे पुरावा, हे आमच्या वेळी प्रेमात पडलेल्यांना माहीत होतं. परिषदेला आता कळलं.

मुलांनी मुलं व्हावं म्हणून अभ्यासक्रम काढावा लागतो, हे वाचून बरं वाटलं. आम्हाला अभ्यासक्रम नव्हता, मुलं होती. छपरावर पाऊस सुरू झाला की एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही, मग मी चारी इयत्तांना चित्रं काढायला बसवायची. त्याला तुमच्यात काय म्हणतात ते लिहून घाल.

हजेरीपत्रक आहे. १९८९-९०चं. ते पाठवणार नाही. कागद ओला झालेला आहे, हात लावला की सुटतो. नावं उतरवून दिली आहेत. पटावर आकडे चोवीस असले तरी मुलं तेवीस. चौदा नंबर पटावरून कमी झाला होता, म्हणून तो सोडून दिला आहे. प्रत्येकापुढे आठवलं ते लिहिलं. सहा नंबरचा धोंडू बकरीशिवाय शाळेत यायचा नाही, बकरी दाराला बांधून ठेवायचा आणि ती ओरडली की हा रडायचा. अकरा नंबरची जाई पाढे म्हणताना डोळे मिटायची. दोघंही आता मुंबईत आहेत. जाईला नातू झाला. त्यांना सांगू नकोस की त्यांची कुणीतरी नक्कल करून दाखवतंय.

आप्पाला म्हणावं, माझ्या ट्रंकेत काय आहे याची वर्दी दुसऱ्यांना देत जाऊ नकोस.

तुझी आत्या,
मथुरा


रत्नागिरी
५ जुलै २०२५

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

तुझी यादी म्हणजे सोनं. प्राचार्यांनी ती हातात घेतली आणि 'हा तर पुरावाच आहे' असं म्हणत छातीशी धरली. त्याच दिवशी ती परिषदेच्या संकेतस्थळावर चढवलीसुद्धा.

आणि गणिताच्या बाई, तुला मोजता येईना झालंय! तेवीस म्हणालीस, मी मोजली तर चोवीस. तेराच्या खाली आणि पंधराच्या वर स्वच्छ लिहिलंयस: 'चौदा. गंगा विठू गोरिवले. इयत्ता तिसरी.' बाकीच्यांना दोन-दोन ओळी आणि हिच्यापुढे एकच शब्द: 'नियमित.' एवढ्यावर कुणी भूमिका कशी करणार? जरा आणखी लिही.

वर्ग सुरू झालाय. आमचा समर्थ, सहा फूट उंच, दाढीवाला, तुझा धोंडू झालाय. त्याची बकरी म्हणजे एका मुलीची गुलाबी बॅग. ती हलवली की तो भोकाड पसरतो. पहिल्या दिवशी सगळे हसले. चौथ्या दिवशी कुणी हसलं नाही, कारण समर्थ खरंच रडत होता आणि त्याला थांबता येईना. मी वहीत 'भूमिकेशी तादात्म्य: उत्तम' असं लिहिलं.

गंगाचं मात्र जमत नाहीये. ती भूमिका आधी सानवीला दिली होती. पहिल्याच दिवशी रस्त्यावर पाणी आलं आणि तिची एसटी वाटेत अडकली. दुसऱ्या दिवशी ताप. ती म्हणाली, 'मॅडम, मला दुसरी कुणी करा.' केली. मग ऋतिका. ती वसतिगृहात राहते, वर्गापासून चाळीस पावलांवर, तिला कसली एसटी अडवणार! ती येऊन बसली. मी स्वतः हजेरी घेतली. बारा, हजर. तेरा, हजर. चौदा. काही नाही. पंधरा, हजर. नंतर ऋतिकाला झापलं, तर ती शपथेवर सांगते की मी 'हजर' म्हटलं. परिषदेला जागा आणि वेळ छापलेलं चित्रीकरण लागतं, म्हणून ते होतंच. काढून बघितलं. ऋतिकाचे ओठ हलतात. आवाज नाही. तिच्या अलीकडच्याचा येतो, पलीकडच्याचा येतो, पत्र्यावरचा पाऊससुद्धा येतो.

आमचा तंत्रज्ञ म्हणतो, माइक खराब. माइक खराब असणं हे आमच्याकडे कशाचंही कारण असू शकतं.

गंगा कशी होती ते कळव. लाजरी होती का?

तुझी,
दर्शना


गुहागर
११ जुलै २०२५

चि. दर्शना,
मंगलकामना.

चौदा नंबर मी लिहिलेला नाही. तुमच्या टायपिस्टने घातला असेल. काढून टाक. त्या मुलीचं नाव वर्षाच्या मध्येच पटावरून कमी झालं, कुटुंबाने गाव सोडलं. तिच्याविषयी सांगण्यासारखं काही नाही.

समर्थला धोंडूच्या भूमिकेपासून दूर ठेव. बाकी ठीक.

मथुरा


रत्नागिरी
२४ जुलै २०२५

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

तुझं एवढं लहान पत्र मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. शाळेत असताना मला वह्या धाडायचीस, तेव्हा कव्हरावरसुद्धा याहून जास्त लिहायचीस. रागावलीस का?

टायपिस्टचा दोष नाही गं. तुझा मूळ कागद माझ्यासमोर आहे. तुझीच निळी शाई, 'ग'ला तुझीच ती शेपटी. रात्रीची लिहायला बसली असशील, विसरलीस.

काढून टाकणं आता आमच्या हातात नाही. यादी चढवल्यावर चार दिवसांनी संकेतस्थळ ती कुलूपबंद करतं. आता परिषदेच्या लेखी आमच्या वर्गात चोवीस मुलं आहेत. समिती ५ ऑगस्टला येतेय, तिघं जण. त्यांच्यासमोर हजेरीपासून पाठापर्यंत प्रात्यक्षिक होणार. चोवीसला एक कमी, तर 'पुराव्यात तफावत'. तफावत म्हणजे मान्यता गेली.

म्हणून गंगाची भूमिका तेजलला दिली. आमची सगळ्यात हुशार मुलगी. कातळावरच्या एका वाडीतून रोज पंधरा किलोमीटर स्कूटर मारत येते, एक दिवस चुकली नाही. तिचे वडील माळी आहेत आणि घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली ही पहिली. मला तिच्यात मी दिसते, आणि म्हणून मी तिला जास्त ओरडते.

परवा हजेरी घेतली. 'चौदा' म्हटल्यावर तेजल उभी राहिली. बाकी कुणी उभं राहत नाही, तसा नियमच नाही. माझ्याकडे बघितलंन आणि म्हणाली, 'बाई, मी अजून आल्ये नाय.'

वर्ग हसला. मलाही वाटलं, वा, भूमिका! पण आत्या, तेजल मला मॅडम म्हणते. आणि तिचा आवाज दणदणीत आहे, हा तिचा नव्हता. नंतर विचारलं तर म्हणाली, 'मी काहीच बोलले नाही मॅडम. तुम्ही माझा नंबर घेतलाच नाही.'

पाठ संपल्यावर प्रत्येक 'मुला'ने अनुचिंतन पत्रक भरायचं असतं. 'आजच्या पाठातून तुम्ही काय शिकलात?' यावर सगळे काय लिहितात ते तुला माहीत आहे: खूप काही शिकलो, आनंददायी वाटलं. तेजलच्या पत्रकात, तिरक्या बाळबोध अक्षरात: 'मुळी घट्ट धरायची.' एवढंच. मी ते प्राचार्यांना दाखवलं. मला वाटलं, तेही दचकतील. ते खूश झाले. म्हणाले, 'मूळ धरून ठेवणे! परंपरेशी नातं! हे अहवालाच्या पहिल्या पानावर घ्या.' घेतलंय. सोनेरी चौकटीत.

मी अंधश्रद्धाळू नाही, तुला ठाऊक आहे; आपल्या घरात ते चालतच नाही. पोरं एकमेकांना बघून चेकाळलीत, असं मी स्वतःला सांगते. तरी प्रात्यक्षिकाच्या दिवशी धोका नको. प्राचार्यांनी सुचवलंय की हजेरी आदल्या दिवशीच भरून ठेवायची, चोवीसच्या चोवीस, आणि समितीसमोर फक्त पत्रक ठेवायचं. तोंडी हजेरी घ्यायचीच नाही. तूही तपासणीला असंच करत असशील ना? तुमच्या वेळची ही एक गोष्ट तरी अभ्यासक्रमात बसली म्हणायची.

तुझी,
दर्शना


गुहागर
२९ जुलै २०२५
(स्पीड पोस्टाने)

दर्शना,

भरू नकोस.

हो, मीही असंच करत होते. एकदाच केलं. ४ ऑगस्ट १९८९, शुक्रवार. विस्तार अधिकारी तपासणीला यायचे होते. आदल्या वर्षी त्यांनी 'उपस्थिती असमाधानकारक' असा शेरा मारला होता. मी नवबौद्ध बाई, वरच्या आळीत आधीच कुजबुज होती की हिच्या शाळेत पोरं टिकत नाहीत. म्हणून आदल्या संध्याकाळी मी उद्याचे चोवीस 'ह' भरून ठेवले. शाईच्या पेनाने, एका रेषेत. मला वाटलं, पोरं तर येतातच.

सकाळी तेवीस आली. गंगा नव्हती. तिचं घर पऱ्याच्या, म्हणजे आमच्या वाडीतल्या ओढ्याच्या, पलीकडे. खालच्या साकवावरून, ओंडक्यांच्या त्या पुलावरून, यायची. पाऊस होता, म्हटलं आईने ठेवली असेल. साहेब आले, पत्रकावर नजर टाकून 'छान' म्हणाले, डोकी मोजली नाहीत. डोकी मोजणं त्यांच्या कामात नव्हतं.

साडेअकराला तिचा बाप आला. विठू. डोक्यावर इरलं, पायांना चिखल. दारातूनच म्हणाला, 'बाई, पाणी चढतंय, गंगाला नेतो.' साहेब माझ्या कोपराशी बसले होते, पत्रक उघडं होतं. मी म्हटलं, 'तपासणी चालू आहे. ती आत आहे. सुटली की मी पाठवते.'

तो गेला. भाताची बेणणी चालू होती, तण काढायचं होतं, त्याला शेतात परत जायचं होतं.

चारला शाळा सुटली. गंगा घरी आली नाही, म्हणून सहाला शोध सुरू झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली. साकवाच्या खाली, वळणावर, झाडाची मुळी दोन्ही हातांनी धरलेली. बोटं सोडवावी लागली. ज्याने सोडवली तो म्हणाला, ही बराच वेळ धरून होती. सगळ्यांनी समजून घेतलं की शाळेतून परत जाताना पडली. पोलीस पाटलाने पत्रक मागितलं. त्यात 'ह' होता. पंचनाम्यात मी लिहून दिलं: मुलगी नियमित होती, त्या दिवशी पूर्णवेळ हजर होती, चार वाजता निघाली.

ती सकाळी पडली होती, दर्शना. विठू माझ्या दारात उभा होता तेव्हा ती मुळी धरून होती.

पट उतरवताना मी चौदा नंबर सोडला होता. हे मला पक्कं आठवतं. पण तू म्हणतेस शाई माझी, अक्षर माझं, तर मीच लिहिलं असेल. 'नियमित' हा माझाच शब्द आहे.

ती आलेली नव्हती. तिला हजर मांडू नकोस.

मथुरा


रत्नागिरी
८ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र दोन तारखेला मिळालं. उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं.

आणि तरी चार तारखेला संध्याकाळी मी हजेरी भरली. चोवीस 'ह'. हे तुला आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याविषयी चांगलं मत करून घेणार नाहीस. तुझी गोष्ट भयंकर आहे, पण ती तुझी. माझ्या वर्गातली पोरं मोठी आहेत, खोटीखोटी पोरं आहेत, असं मी स्वतःला समजावलं. पन्नास जणांचं वर्ष, अकरा नोकऱ्या. हिशेब चोख होता.

पाच तारखेला समिती आली. शहाळी झाली, स्वागतगीत झालं, दीपप्रज्वलनाचं जागा-वेळ छापलेलं छायाचित्र झालं. अध्यक्षबाईंनी हजेरीपत्रक मांडीवर घेतलं. वर्गात तेवीस होते. तेजल आली नव्हती. तिचा फोन लागत नव्हता. मी म्हटलं, पाऊस आहे, येईल. अध्यक्षबाई 'छान' म्हणाल्या. डोकी मोजली नाहीत.

अकरा पंचवीसला माझा फोन थरथरला. तेजलचे वडील. फोन घ्यायला नको होता, प्रात्यक्षिक चालू होतं, तरी घेतला. वर्गात सगळे गप्प, म्हणून त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. 'मॅडम, तेजल पोचली का? वाटेतला वहाळ चढलाय म्हणत्यात.'

आत्या, मी 'हो' म्हणणार होते. समिती चार फुटांवर. मांडीवर चोवीस 'ह'. प्राचार्य डोळ्यांनी मला 'हो' म्हणायला सांगत होते. 'हो, पोचली' म्हणायचं, फोन ठेवायचा, मग हळूच कुणाला तरी बघायला पाठवायचं. मी तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज नाही. पुन्हा म्हटलं. छातीतून वारा निघाला, एवढंच. ऋतिका माझ्याकडे बघत होती. ती एकटीच काय ते समजली.

'मॅडम? ऐकू येतंय का? पोचली का?'

मग मी म्हटलं, 'नाही. ती आलेली नाही.' हे मात्र स्पष्ट आलं. अख्ख्या वर्गात घुमलं.

समर्थ आणि दोघं गाड्या घेऊन निघाले. तिकडून वडील आणि वाडीतली माणसं. पाऊण वाजता सापडली. उतारावर स्कूटर घसरून वहाळाच्या कडेला गेलेली, पाय खाली अडकलेला, पाणी छातीपर्यंत. उंडीच्या झाडाची मुळी धरून होती. समर्थ सांगतो, तिचे हात सोडवायला त्याला जोर लावावा लागला. पाय मोडलाय. बाकी बरी आहे. इस्पितळात भेटले तर म्हणाली, 'मॅडम, माझी हजेरी लागली का?' मी नाही म्हटलं, तर तिला हायसं वाटलं. का, ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

समितीने 'पुराव्यात गंभीर तफावत' असा शेरा मारलाय. प्रवेश बंद होतील. प्राचार्य माझ्याशी बोलत नाहीत, तो एक फायदा. तेजलच्या अनुचिंतनाची सोनेरी चौकट अजून पहिल्या पानावर आहे. ती काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी समितीच्या देखत पत्रकात चौदाचा 'ह' खोडला आणि 'गै' लिहिलं. पेन चालत होतं. मला वाटलं होतं, त्यानंतर वर्ग मोकळा होईल. काल रिकाम्या खोलीत सहज हजेरी म्हणून बघितली. तेरा म्हटलं. चौदा म्हटलं. आणि आत्या, खोली वाट बघत राहिली. मला नाही वाटत गंगा माझ्या पत्रकासाठी आली होती. माझं पत्रक कोण विचारतो?

एक विचारायचं राहिलं. तू खोटं लिहिलंस की गोरिवल्यांनी गाव सोडलं. आप्पा म्हणतात, विठू अजून खारेवाडीत आहे. बायको गेली, वाडीत पाच माणसं उरली, त्यातला एक. त्याला माहीत आहे का?

तुझी,
दर्शना


गुहागर
२० ऑगस्ट २०२५

चि. दर्शना,
मंगलकामना.

त्याला माहीत नव्हतं.

काल जाऊन आले. सकाळच्या एसटीने फाट्यापर्यंत, पुढे चालत. पऱ्यावर आता सिमेंटचा पूल आहे. शाळेच्या दाराला कुलूप आहे आणि खिडक्या कुणीतरी नेल्या आहेत.

विठू पडवीत सुपारी सोलत बसला होता. सत्तरी ओलांडलीय. मला बघून उठला, गोणपाट झटकून टाकलं, 'बाय, बसा' म्हणाला. मी आत्तापर्यंत दर दोन-तीन वर्षांनी जात आले आहे, तुला कधी बोलले नाही. दर वेळी तो एकच विचारतो, आणि कालही विचारलंन. 'त्या दिशी काय शिकवलंव हो तिला?' पहिल्यांदा विचारलंन तेव्हा, तेराव्याच्या दिवशी, मी सांगितलं होतं: सातचा पाढा. तिने पहिल्यांदा न अडखळता म्हटला. छत्तीस वर्षं मी त्याला हेच सांगते आहे, आणि दर वेळी त्यात काहीतरी भरते. साहेबांनी शाबासकी दिली. ती हसली. गेल्या खेपेला तर तिच्या केसात अबोलीही घातली मी.

विठूला लिहिता-वाचता येत नाही. सातचा पाढा येतो. पोरीचा शेवटचा धडा म्हणून तो दुसऱ्यांच्या पोरांकडून शिकला. सुपारी सोलताना पुटपुटतो. काल मी आले तेव्हा तो साती आठावर होता.

मी सांगितलं. तुला लिहिलं तसंच, त्याच क्रमाने. साहेब, पत्रक, कोपर. तो सोलत राहिला. मला वाटलं, शिव्या देईल, बाहेर काढील. ते चाललं असतं. तयारी करून गेले होते.

हातातली सुपारी सोलून झाल्यावर म्हणाला, 'म्हंजे मी शालंत आलू तवा ती आत नव्हती?'

'नव्हती.'

'खरं सांगताव?'

'आता खरंच सांगते आहे, विठू.'

मग त्याने कोयती खाली ठेवली. म्हणाला, 'बाय, मी कुनाला बोललू न्हाय. घरातल्यांनापन न्हाय. तुमच्याकडनं परत येताना मी वरच्या साकवावर व्हतू. खालनं हाक आली. "बाबा." दोनदा. मी उबा रायलू. म्हनलं, माजी तर शालंत हाय, बाई सोता म्हनल्या. मग ह्यो आवाज कुनाचा? पान्याकडनं वलखीचा आवाज आला तर वलून बगू नये, तो देवचार असतो, असं आमचे म्हातारे सांगत. मी वललू न्हाय. थुंकलू आनि चालू लागलू. तिसऱ्यांदा आली तवा कानावं हात ठेवले.'

मग तो पुढे सांगू लागला.

'सांच्याला ती गावली न्हाय, तवा मी मनाशी म्हनलं, देवचारानं दुपारीच माजी पोर मागितली व्हती, मी वललू न्हाय म्हनून सांच्याला नेलान. छत्तीस वरसं त्याला नारल देतू, बाय. दर अवसेला. पुलावर जाऊन.'

समोरच्या माडांवर पाऊस होता. खालून पऱ्याचा आवाज येत होता, पावसाळ्यात येतो तसा. विठू त्या दिशेला कान देऊन बसला. मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलंन, 'म्हंजे ती माजीच व्हती?'

मी हो म्हटलं.

मथुरा